डिरेक्टरी सर्व्हर कमी करायचे आणि वेगही वाढवायचा: हार्डवेअर निवडीची पायरीवार पद्धत

दहा-बारा जुने डोमेन कंट्रोलर (लॉगिन आणि खात्यांच्या नोंदी सांभाळणारे डिरेक्टरी सर्व्हर) काढून त्यांच्या जागी तीन-चार दणकट सर्व्हर बसवायचं ठरलं, की बहुतेक ठिकाणी पहिलं काम होतं ते कोटेशन मागवण्याचं. सगळ्यात जास्त कोअरचा प्रोसेसर निवडला जातो, मेमरी 'नंतर वाढवू' म्हणून अर्धीच घेतली जाते आणि नवे सर्व्हर लागल्यावरही सकाळच्या गर्दीत लॉगिनला पूर्वीइतकाच वेळ लागतो. अशा प्रकरणांत यंत्रं सहसा ठीक असतात. क्रम चुकलेला असतो.

खालचे टप्पे मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. ओपनएलडॅप (मुक्त स्रोत डिरेक्टरी सर्व्हर) जिथे वेगळं वागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: आहे तो भार मोजा

जुन्या सर्व्हरांवर निदान एक पूर्ण आठवडा मोजणी चालवा, आणि ती सगळ्या सर्व्हरांवर एकाच वेळी. एका सर्व्हरची मोजणी सोमवारची आणि दुसऱ्याची गुरुवारची असेल तर त्यांची बेरीज निरर्थक ठरते. आठवडाही असा निवडा की त्यात शिफ्ट सुरू होण्याची गर्दी, रात्रीच्या बॅच आणि महिनाअखेरीची कामं येतील.

प्रत्येक सर्व्हरवर हे आकडे घ्या:

- एकूण सीपीयू वापर, आणि त्यातला 'एलसॅस' (डिरेक्टरीचं काम करणाऱ्या) प्रोसेसचा वाटा
- दर सेकंदाला होणारे एलडॅप सर्च (डिरेक्टरीतले शोध) आणि बाइंड (ओळख पटवून जोडणं)
- दर सेकंदाची केर्बेरॉस आणि एनटीएलएम ऑथेंटिकेशन (ओळख तपासण्याच्या दोन पद्धती)
- डेटाबेस असलेल्या डिस्कची सरासरी रीड आणि राइट लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ)
- नेटवर्कवरून बाहेर जाणारा डेटा
- डेटाबेस फाइलचा आकार, आणि त्यातली रिकामी जागा किती

शेवटचा आकडा हमखास विसरला जातो. वर्षानुवर्षं नोंदी पुसल्या गेल्यावर फाइल फुगलेलीच राहते. गार्बेज कलेक्शनची (पुसलेल्या नोंदी साफ करण्याच्या कामाची) लॉगिंग पातळी १ केली की इव्हेंट १६४६ मध्ये रिकामी जागा दिसते. २० जीबीच्या फाइलमध्ये ७ जीबी पोकळ असेल, तर मेमरीचा हिशोब १३ जीबीवरून सुरू होतो.

मोजणीसोबत दुसरी एक यादी करा: डिरेक्टरीखेरीज या सर्व्हरांवर आणखी काय चालतं? डीएनएस असणारच. पण डीएचसीपी, प्रिंट, कुणीतरी कधीकाळी ठेवलेलं फाइल शेअर, सर्टिफिकेट सर्व्हिस? सर्टिफिकेट सर्व्हिस असलेला डोमेन कंट्रोलर ती भूमिका काढल्याशिवाय डिमोट करता (डोमेन कंट्रोलरपदावरून उतरवता) येत नाही. हे बदलीच्या रात्री कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

खबरदारी: पाच-पाच मिनिटांच्या सरासरीवर विसंबू नका. सकाळचा चाळीस सेकंदांचा झटका त्या सरासरीत विरघळून जातो, आणि लोकांच्या तक्रारी नेमक्या त्याच चाळीस सेकंदांच्या असतात. नमुना १५ सेकंदांचा ठेवा.

## टप्पा २: हार्डवेअरने न सुटणारे प्रश्न बाजूला काढा

हा टप्पा गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण यात ॲप्लिकेशनवाल्यांशी वाद घालावा लागतो. पण एखादी क्वेरी इंडेक्स नसलेल्या ॲट्रिब्यूटवर सगळा डेटाबेस चाळत असेल, तर दुप्पट वेगाचा प्रोसेसर तिला फार तर निम्म्या वेळात आणील. इंडेक्स मिळाल्यावर तीच क्वेरी चाळण्याचं कामच करत नाही.

अशा क्वेरी सापडवण्यासाठी डोमेन कंट्रोलरच्या डायग्नोस्टिक लॉगिंगमध्ये 'फील्ड इंजिनिअरिंग'ची पातळी थोड्या वेळापुरती ५ करा. महागड्या आणि अकार्यक्षम सर्चची नोंद इव्हेंट १६४४ मध्ये येते: कोणत्या क्लायंटने, कोणता फिल्टर वापरून, किती नोंदी चाळल्या आणि त्यातून किती हाती लागल्या. महागड्या सर्चची मूळ मर्यादा १०,००० नोंदी चाळण्याची आहे. काम झालं की पातळी पुन्हा ० करा, नाहीतर लॉग भरत राहतो.

सापडतं ते साधारण असं असतं:

- नावाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे तारांकन असलेला सर्च. साध्या इंडेक्सचा त्याला उपयोग नाही.
- 'हे नसलेले सगळे' अशा अर्थाचा नकारात्मक फिल्टर.
- एका ओयूमधली (डिरेक्टरीतल्या एका विभागातली) माणसं हवी असताना थेट डोमेनच्या मुळापासून केलेला सर्च.
- प्रत्येक क्वेरीसाठी नवी टीएलएस जोडणी उघडून लगेच बंद करणारं ॲप्लिकेशन. इथे सीपीयू खर्च होतो तो हँडशेकवर, सर्चवर नव्हे.

एनटीएलएमची कोंडीही इथेच ओळखा. नेटलॉगॉनच्या काउंटरमध्ये 'सेमाफोर वेटर्स' किंवा 'टाइमआउट्स' वाढताना दिसले आणि सीपीयू मात्र निवांत असला, तर अडचण एकाच वेळी चालणाऱ्या पास-थ्रू (दुसऱ्या सर्व्हरकडे तपासायला पाठवलेल्या) विनंत्यांच्या मर्यादेची आहे. नवा सर्व्हर घेऊन ती हलणार नाही.

तपासणी: सगळ्यात जास्त खाणाऱ्या पाच क्वेरी दुरुस्त झाल्यावर टप्पा १ पुन्हा करा. कधीकधी खरेदीचा आकार इथेच निम्म्यावर येतो.

## टप्पा ३: किती सर्व्हर, ते ठरवा

एकत्रीकरण साइटनुसार (एकेका ठिकाणच्या नेटवर्कनुसार) मोजायचं असतं. 'सगळे मिळून बारा होते, आता चार' हा आकडा अहवालात छान दिसतो, पण क्लायंट आधी आपल्याच साइटचा कंट्रोलर शोधतो. शाखेतला एकमेव सर्व्हर काढलात, तर लाइन तुटल्यावर तिथे काय होईल याचं उत्तर लेखी घ्या. लाइन भरवशाची नसेल आणि सर्व्हरची खोली कुलूपबंद नसेल, तर तिथे रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारी प्रत असलेला) डोमेन कंट्रोलर ठेवा आणि तो एकत्रीकरणातून वगळा.

मुख्य साइटसाठी नियम एकच: एक सर्व्हर बंद पडलेला असताना उरलेल्यांनी गर्दीच्या वेळचा सगळा भार आरामात उचलला पाहिजे. महिन्यातून एकदा पॅचसाठी एखादा बंद असणारच, त्यामुळे ही स्थिती नेहमीची समजून चाला. दोन सर्व्हरांवर आलात की प्रत्येकाला एकट्याने सगळं झेलावं लागतं, म्हणून हिशोबाने दोन मोठे सर्व्हर तीन मध्यम सर्व्हरांपेक्षा क्वचितच स्वस्त पडतात. माझा कल तीनकडे असतो.

पीडीसी एम्युलेटरची भूमिका असलेल्या सर्व्हरवर चुकलेले पासवर्ड, पासवर्ड बदल आणि वेळेची कामं जास्तीची येतात. त्याच्या एसआरव्ही रेकॉर्डचं (क्लायंटला सर्व्हर दाखवणाऱ्या डीएनएस नोंदीचं) वेट १०० वरून ५० केलं, की साधे क्लायंट त्याच्याकडे निम्म्या प्रमाणात जातात. त्यासाठी वेगळं मोठं यंत्र घ्यायची गरज पडत नाही.

## टप्पा ४: मेमरी

पैसे कमी असतील तर बाकी सगळं कापा, पण ही पायरी कापू नका. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आपला डेटाबेस मेमरीत कॅशे करते. सगळा डेटाबेस मेमरीत मावला की वाचनासाठी डिस्ककडे जाण्याची वेळ फारशी येत नाही. मावला नाही, तर प्रत्येक चुकलेल्या पानासाठी डिस्कवर फेरी होते, आणि त्या तुलनेत प्रोसेसरचा फरक किरकोळ आहे.

बेरीज अशी करा: डेटाबेस, सिसव्हॉल (धोरणं आणि लॉगिन स्क्रिप्टचं सामाईक फोल्डर), ऑपरेटिंग सिस्टिमची गरज, अँटिव्हायरस, बॅकअप व देखरेखीचे एजंट, आणि सर्व्हरच्या आयुष्यभराची वाढ.

समजा डेटाबेस १८ जीबी आहे आणि पाच वर्षांत ३० टक्के वाढेल असा अंदाज आहे. ते झाले २३.४ जीबी. सिसव्हॉल १.५, ऑपरेटिंग सिस्टिम आणि एजंट मिळून १०. बेरीज ३५ जीबीच्या आसपास येते. कागदावर ४८ जीबी पुरेशी दिसते, पण आता मदरबोर्डकडे पाहा. प्रोसेसरला आठ मेमरी चॅनेल असतील आणि तुम्ही दोनच स्टिक लावल्या, तर सहा चॅनेल रिकामे बसतात आणि बँडविड्थ चतुर्थांशावर येते. १६ जीबीच्या आठ स्टिक लावल्या तर १२८ जीबी होते. गरजेपेक्षा ती जास्त आहे, तरी मी तीच घेईन.

ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) मेमरी गृहीत आहे. त्यावर चर्चा नको.

ओपनएलडॅपमध्ये एलएमडीबी हा त्याचा डेटाबेस आपली फाइल मेमरी-मॅप करून वापरतो, म्हणजे कॅशेचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच करते. इथे मेमरी मोकळी ठेवणं हेच ट्यूनिंग. डेटाबेसच्या कमाल आकाराची मूळ मर्यादा फक्त १० एमबी आहे. ती वाढवायची राहिली तर कितीही मेमरी घातलीत तरी डेटा भरताना काम अडेल.

तपासणी: जुन्या सर्व्हरवर डेटाबेस कॅशे हिटचं प्रमाण पाहून ठेवा. ते आधीच जवळजवळ १०० टक्के असेल, तर मेमरी वाढवून वेग मिळणार नाही. मग संथपणाचं मूळ टप्पा २ मध्येच शोधा.

## टप्पा ५: प्रोसेसर

आता कुठे कोअरचा प्रश्न येतो. अंदाजाने बोलू नका, गणित मांडा.

समजा जुने सहा सर्व्हर आहेत, प्रत्येकी ८ कोअर, आणि गर्दीच्या वेळी सरासरी वापर ३५ टक्के. ६ × ८ × ०.३५ म्हणजे जुन्या प्रतीचे १६.८ कोअर खऱ्या अर्थाने कामाला लागलेले आहेत. नवा कोअर जुन्याच्या दीडपट काम करतो असं धरलं, तर नवे ११.२ कोअर पुरतात. गर्दीच्या वेळीही वापर ४० टक्क्यांच्या आसपास राहावा म्हणून ११.२ ला ०.४ ने भागा: २८ कोअर. तीन सर्व्हर, त्यातला एक बंद, म्हणजे उरलेल्या दोघांकडे प्रत्येकी १४. प्रत्यक्षात १६ कोअरचा प्रोसेसर येईल.

'दीडपट' हा आकडा कुठून आणायचा? विक्रेत्याच्या पत्रकातून नाही. स्पेक सीपीयू २०१७ या प्रोसेसर चाचणीचे निकाल प्रसिद्ध असतात. तुमच्या जुन्या आणि नव्या मॉडेलचा इंटिजर रेट घ्या, कोअरच्या संख्येने भागा आणि तुलना करा. जुनं मॉडेल २०१७ पूर्वीचं असलं तरी त्याचा निकाल तिथे असू शकतो, शोधून पाहा.

कोअर जास्त की क्लॉक जास्त, हा वाद नेहमीचा. डिरेक्टरीत प्रत्येक विनंती छोटी असते आणि एका थ्रेडवर संपते. म्हणून एका माणसाला जाणवणारा वेग क्लॉकवर ठरतो, आणि एकाच वेळी किती माणसं सोसतील ते कोअरवर. गणितातून १६ कोअर आले की त्या १६ कोअरच्या रांगेतला सगळ्यात वेगवान क्लॉकचा प्रोसेसर घ्या. ६४ कोअरचा संथ प्रोसेसर इथे दुहेरी तोट्याचा. एक तर विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरवर मोजला जातो, किमान १६ कोअर प्रति सर्व्हर. दुसरं म्हणजे विंडोज सर्व्हर २०२५ च्या आधीच्या आवृत्त्यांत ॲक्टिव्ह डिरेक्टरी फक्त पहिल्या प्रोसेसर ग्रुपमधले सीपीयू वापरते, आणि एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त ६४ लॉजिकल प्रोसेसर मावतात. हायपरथ्रेडिंग चालू असताना दोन सॉकेटचं यंत्र ही हद्द सहज ओलांडतं, आणि पैसे मोजलेले कोअर नुसते उबदार राहतात.

ओपनएलडॅपमध्ये वाचन अनेक कोअरवर छान पसरतं, पण थ्रेडची मूळ संख्या १६ आहे हे ध्यानात ठेवा. लिहिणारा मात्र एका वेळी एकच असतो, त्यामुळे लेखन जास्त असेल तर कोअर मोजत बसू नका, पुढचा टप्पा नीट वाचा.

खबरदारी: सर्व्हर हाती आल्यावर बायोसमधला पॉवर प्रोफाइल आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा पॉवर प्लॅन, दोन्ही तपासा. वीजबचतीच्या प्रोफाइलवर यंत्र हळू क्लॉकवर फिरत राहतं आणि लोक प्रोसेसरला दोष देतात.

## टप्पा ६: डिस्क

सगळं मेमरीत मावतंय, मग चांगली डिस्क कशाला? कारणं दोन.

पहिलं, सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर कॅशे रिकामी असते. पहाटे पॅच लागून सर्व्हर उठला आणि तासाभरात सगळे लॉगिन करू लागले, की पहिला घाव डिस्कवर. दुसरं, लेखन कधीच मेमरीत संपत नाही. डेटाबेस ज्या डिस्कवर असतो तिची राइट कॅशे ॲक्टिव्ह डिरेक्टरी बंद करायला लावते, वीज गेल्यावर डेटाबेस बिघडू नये म्हणून. त्यामुळे घरगुती प्रतीच्या एसएसडीचे पत्रकावरचे आकडे इथे कोसळतात. वीज गेल्यावरही लिहिणं पूर्ण करणारी, म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली एंटरप्राइझ एसएसडी किंवा एनव्हीएमई घ्या. रेड कंट्रोलर असेल तर त्याच्या कॅशेला बॅटरी किंवा फ्लॅशचा आधार हवा.

बहुतेकांना आरशासारख्या दोन डिस्क, म्हणजे रेड १, पुरतात. रेड ५ टाळा: एका छोट्या लेखनामागे चार डिस्क क्रिया होतात, आणि डिरेक्टरीचं लेखन छोटंच असतं. ओपनएलडॅपवर हे आणखी महत्त्वाचं, कारण प्रत्येक ट्रान्झॅक्शन डिस्कवर पक्कं होईपर्यंत पुढचा लेखक थांबलेला असतो.

जागा मोजताना डेटाबेसइतकीच आणखी जागा ऑफलाइन डीफ्रॅगसाठी धरा, वर थोडी मोकळीक ठेवा. लॉग, सिसव्हॉल आणि बॅकअपचा तात्पुरता साठा वेगळा.

## टप्पा ७: नेटवर्क आणि बाकीचं

लवकर आटोपतो. डिरेक्टरीची उत्तरं छोटी असतात. १ जीबीपीएसची जोडणी अनेक ठिकाणी पुरते. मोजलेल्या बाहेर जाणाऱ्या डेटाला उरणाऱ्या सर्व्हरांच्या संख्येने भागा आणि पाहा. दोन पोर्ट दोन वेगळ्या स्विचला, दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या वीजमार्गांना. टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू.

दूरस्थ व्यवस्थापनाचा पोर्ट वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कवर हवा. त्या कन्सोलवर पोचलेला माणूस सर्व्हरच्या पडद्यासमोर बसल्यात जमा आहे, आणि डोमेन कंट्रोलरसमोर बसलेला माणूस डोमेनचा मालक असतो.

## टप्पा ८: प्रत्यक्ष यंत्र की व्हर्च्युअल?

व्हर्च्युअल चालतं, उत्तम चालतं. चुका होतात त्या मांडणीत:

1. सगळे डोमेन कंट्रोलर एकाच होस्टवर किंवा एकाच स्टोरेजवर. वेगळ्या होस्टवर राहण्याचा नियम क्लस्टरमध्ये सक्तीने लावा.
2. क्लस्टर सुरू व्हायला डोमेन हवं, आणि डोमेन क्लस्टरच्या आत. पूर्ण वीज गेल्यावर दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात. निदान एक कंट्रोलर क्लस्टरच्या बाहेर ठेवा.
3. मेमरी राखीव नसणं. होस्टने मेमरी परत घेतली की कॅशे जाते आणि टप्पा ४ वाया.
4. व्हर्च्युअल मशीन एका नूमा नोडपेक्षा (प्रोसेसर आणि त्याला थेट जोडलेली मेमरी यांच्या गटापेक्षा) मोठं. कोअर आणि मेमरी दोन्ही एका नोडमध्ये मावतील असं ठेवा.
5. होस्टकडून वेळ घेणं. वेळ डोमेनच्या रचनेतूनच यावी. केर्बेरॉस मुळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही.

खबरदारी: स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हर्च्युअल मशीनच्या जनरेशन आयडीमुळे जुन्या स्नॅपशॉटवर परतल्याचं डोमेन कंट्रोलरला कळतं, पण हायपरव्हायजरनेही ती सोय दिलेली असावी लागते. सिस्टिम स्टेटचा बॅकअप चालूच ठेवा.

## टप्पा ९: एकच सर्व्हर आधी मागवा आणि छळा

सगळे एकदम घेऊ नका. एक आला की वेगळ्या, बाहेर वाट नसलेल्या नेटवर्कवर बॅकअपमधून डिरेक्टरीची प्रत उभी करा. ही प्रत चुकूनही चालू नेटवर्कला लागता कामा नये.

भार टाकण्यासाठी अनबाउंडआयडीच्या जावा एलडॅप एसडीकेमध्ये 'सर्चरेट' आणि 'ऑथरेट' ही साधनं आहेत. टप्पा १ मधले तुमचे खरे फिल्टर त्यात घाला. तयार उदाहरणातले फिल्टर वापरलेत तर निकालही उदाहरणापुरताच. तीन वेळा चालवा: रीस्टार्टनंतर लगेच, कॅशे भरल्यावर, आणि सोबत मोठं लेखन चालू असताना. टीएलएस चालू ठेवूनच मोजा.

तपासणी: एका सर्व्हरवर अपेक्षित भाराच्या दीडपट टाकल्यावर लेटन्सी एकदम उसळते की हळूहळू वाढते? एकदम उसळत असेल तर उरलेली ऑर्डर थांबवा आणि कोंडी शोधा.

## टप्पा १०: बदली

1. सिसव्हॉल जुन्या एफआरएस या फाइल-प्रतीकरण सेवेवर चालत असेल तर आधी नव्या डीएफएसआरवर आणा. विंडोज सर्व्हर २०१९ पासूनचे कंट्रोलर एफआरएस असलेल्या डोमेनमध्ये घेता येत नाहीत.
2. जुन्या यंत्रांची जागच्या जागी आवृत्ती वाढवण्यापेक्षा नवे सर्व्हर नव्याने प्रमोट करा (डोमेन कंट्रोलर बनवा). फाइल सुटसुटीत तयार होते. २०२५ आवृत्तीतली ३२ केबी पानांची सोयही नव्याने प्रमोट केलेल्या डेटाबेसलाच मिळते; जागच्या जागी वाढवलेला सर्व्हर ८ केबीवरच राहतो.
3. ग्लोबल कॅटलॉग (सगळ्या डोमेनांची शोधसूची) आणि डीएनएस चालू झाल्याची खात्री करा, 'रेपॲडमिन' आणि 'डीसीडायग' या दोन्ही तपासण्या स्वच्छ येईपर्यंत थांबा. मगच पाच एफएसएमओ (एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणाऱ्या) भूमिका हलवा. पीडीसी हलला की वेळेची मांडणीही नव्या सर्व्हरवर करा.
4. डीएचसीपीमधले डीएनएसचे पत्ते बदला. हाताने पत्ते भरलेले प्रिंटर आणि स्विच वेगळे शोधावे लागतील.
5. जुन्या सर्व्हरचे एसआरव्ही रेकॉर्ड मागे सारा: प्रायॉरिटीचा आकडा वाढवला की क्लायंट त्याला शेवटी विचारतात. मग ३८९, ६३६, ३२६८ आणि ३२६९ या पोर्टांवर तरीही कोण येतंय ते पाहा. जे येत राहतील, त्यांच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव किंवा आयपी थेट लिहिलेला आहे. बदलीतला सगळ्यात जास्त वेळ या यादीवर जातो; तो वेळापत्रकात आधीच धरा.
6. जुना सर्व्हर काही दिवस फक्त बंद ठेवा. ओरड झाली नाही तर परत चालू करून रीतसर डिमोट करा.

खबरदारी: बंद ठेवलेला कंट्रोलर टूम्बस्टोनच्या (पुसलेल्या नोंदींच्या खुणा ठेवण्याच्या) मुदतीपलीकडे विसरू नका. ही मुदत सहसा १८० दिवस असते, फार जुन्या फॉरेस्टमध्ये ६० असू शकते. मुदत उलटल्यावर तो चालू केला तर पुसलेल्या नोंदी परत डोकं वर काढू शकतात. तेव्हा त्याला नेटवर्कला न लावता त्याचा मेटाडेटाच साफ करा.

सगळे जुने सर्व्हर गेल्यावर टप्पा १ ची मोजणी त्याच काउंटरनी, तशाच गर्दीच्या आठवड्यात पुन्हा घ्या, आणि त्या आठवड्यात एका दिवशी एक सर्व्हर मुद्दाम बंद ठेवा. डिमोट न करता काढलेल्या कंट्रोलरच्या डिस्कवर सगळ्या खात्यांचे पासवर्ड हॅश असतात, आणि डिमोट केलेल्याच्या डिस्कवरही जुना डेटा उरलेला असू शकतो. म्हणून यंत्र परत देण्यापूर्वी किंवा भंगारात काढण्यापूर्वी त्या डिस्क काढून घ्या आणि नष्ट करा.